चौदा महिने, तीन गोळ्या आणि एक चित्रफीत: झोपेतील श्वासरोधाचे एक प्रकरण

हे प्रकरण जुन्नर तालुक्यातील एका बाजाराच्या गावातले आहे. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही किरकोळ तपशील बदलले आहेत. निदानाला उशीर का झाला, हा भाग मात्र जसाच्या तसा ठेवला आहे, कारण तो उशीर बऱ्याच अंशी माझ्याकडून झाला.

रुग्णाचे वय ४७ वर्षे, व्यवसाय भाजीपाल्याच्या वाहतुकीचा. स्वतःची पिकअप गाडी आहे. संध्याकाळी शेतांच्या बांधावरून टोमॅटो, कोथिंबीर, फ्लॉवर भरायचे, रात्री आठ-साडेआठला निघायचे, आळेफाटा, माळशेज घाट, मुरबाड, कल्याण असे करत वाशीच्या बाजार समितीत माल उतरवायचा, गाडीतच दोन-अडीच तास पाठ टेकायची आणि सकाळी परतायचे. घरी आल्यावर जेवून दुपारी पुन्हा झोप. आठवड्यातल्या पाच रात्री अशा जात. उरलेल्या दोन रात्री घरी. पंधरा-सोळा वर्षे हाच क्रम चालू होता, आणि याच क्रमाने आम्हा सगळ्यांची दिशाभूल केली. रात्रभर गाडी चालवणाऱ्या माणसाला दिवसा झोप येते यात नवल ते काय, असे त्यांना वाटत होते, त्यांच्या घरच्यांना वाटत होते आणि मलाही वाटत होते.

चार कागद, चार आजार

माझ्याकडे ते प्रथम आले ते उच्च रक्तदाबासाठी. गावातल्या आरोग्य शिबिरात दाब १५६/९८ भरला होता. मी दोन-तीन वेळा मोजून खात्री केली, मिठाविषयी आणि तंबाखूविषयी नेहमीचे सांगितले आणि एक गोळी सुरू केली. तीन महिन्यांनी दुसरी जोडली. आणखी पाच महिन्यांनी तिसरी, लघवी वाढवणारी, जोडली. गोळ्या ते नियमित घेत होते. रिकामी पाकिटे दाखवायला आणण्याइतके ते काटेकोर होते. मूत्रपिंडाच्या चाचण्या, सोडियम, पोटॅशियम, थायरॉइड सगळे ठीक होते. तरीही चौदाव्या महिन्यात दाब १५२/९६ होता. लघवीच्या गोळीसह तीन औषधे पुऱ्या मात्रेत देऊनही दाब उतरत नसेल, तर त्याला औषधांना न जुमानणारा रक्तदाब म्हणतात, आणि अशा रुग्णात ज्या कारणांचा शोध घ्यायचा असतो त्यांत झोपेतील श्वासरोध, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबणे, अगदी वरच्या क्रमांकावर आहे. हे मला पाठ्यपुस्तकातून माहीत होते. समोर बसलेल्या माणसाला ते लावून पाहण्याचे मात्र सुचले नाही.

न सुचण्याचे एक कारण त्यांचा बांधा. उंची १६५ सेंटीमीटर, वजन ७६ किलो, म्हणजे बॉडी मास इंडेक्स साधारण २८. आपल्याकडील निकषांनुसार २५च्या पुढे लठ्ठपणा धरतात, त्यामुळे वजन जास्त होतेच; पण डोळ्यांपुढे जो 'घोरणारा माणूस' असतो, पोट सुटलेला, मान नसल्यासारखा, तसे ते दिसत नव्हते. आखूड आणि मागे गेलेली हनुवटी दाट मिशीखाली फारशी नजरेत भरत नव्हती.

दुसरे कारण असे की, त्यांच्या तक्रारी माझ्याकडे एकत्र कधी आल्याच नाहीत. ते चित्र त्या चौदाव्या महिन्यात पुढे आले. वाशीला वजनकाट्यावर रांगेत असताना त्यांना छातीत धडधडल्यासारखे झाले होते, म्हणून मी त्यांना आजवरचे सगळे कागद घेऊन बोलावले. त्यांनी कॅरीबॅगमधून चार ठिकाणचे चार कागद काढून टेबलावर पसरले. एका डॉक्टरांनी रात्री चार-चार वेळा लघवीला उठावे लागते म्हणून प्रोस्टेटची गोळी दिली होती, सोनोग्राफीत ग्रंथी जेमतेम वाढलेली असूनही. दुसरा कागद चष्म्याचा होता. उठल्यावर डोके जड होते आणि तासाभराने आपोआप उतरते, या तक्रारीवर नंबर बदलून दिला होता. तिसऱ्यावर रात्री घशाशी येते म्हणून ॲसिडिटीची गोळी. चौथा कागद पाहून मी थांबलो. 'झोप पुरी झाल्यासारखी वाटत नाही' या तक्रारीवर त्यावर अल्प्राझोलाम ही झोपेची गोळी लिहिलेली होती, आणि घरी असतील त्या दोन रात्री ते ही गोळी घेत होते.

रात्रीची लघवी, सकाळची डोकेदुखी, घशाशी येणे, न भागणारी झोप, न उतरणारा दाब. पाच तक्रारी, पाच डॉक्टर. प्रत्येकाने आपापल्या तक्रारीपुरते बघितले तर कोणीही फारसे चुकलेले नाही. पण त्या पाचही तक्रारींना एकच मूळ असू शकते हे त्या टेबलावरच कळण्याजोगे होते, आणि तेव्हाही माझ्या मनात ती शंका अर्धवटच आली. मी विचारले, 'घोरता का?' ते म्हणाले, 'थोडंफार. सगळेच घोरतात.' मी ते लिहून घेतले आणि ईसीजी काढला. तो ठीक होता.

शेजारी झोपणाऱ्याची साक्ष

निदान झाले ते तीन आठवड्यांनी, त्यांच्या पत्नीमुळे. त्या स्वतःच्या गुडघेदुखीसाठी आल्या होत्या. बोलता बोलता झोपेचा विषय निघाला, तेव्हा म्हणाल्या, 'माझी कसली झोप डॉक्टर, ह्यांच्यावर पहारा असतो.' पहारा कशाचा, असे विचारल्यावर त्यांनी जे सांगितले ते असे: घोरणे एका लयीत वाढत जाते, मग मध्येच एकदम थांबते; आवाज नाही, श्वास नाही; मग त्या त्यांच्या खांद्याला धरून हलवतात; तेव्हा हुंदका दिल्यासारखा मोठा आवाज करून श्वास सुरू होतो आणि पुन्हा घोरणे. कितीदा? 'मोजत नाही. हात अंगावर ठेवूनच झोपते. आवाज थांबला की मला आपोआप जाग येते.' हे कधीपासून, तर धाकट्या मुलाच्या दहावीच्या वर्षापासून. तो मुलगा आता पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे.

पाच-सहा वर्षे ही बाई रोज रात्री जे निरीक्षण करत होती ते आम्हा पाच डॉक्टरांपैकी एकानेही तिला विचारले नव्हते. रुग्णाला विचारण्यात तसा अर्थ नव्हता, कारण हा असा आजार आहे की तो चालू असताना रुग्ण झोपलेला असतो. क्षणभर जाग येते, पण ती इतकी अल्प असते की सकाळी आठवत नाही. आपण आठ तास झोपलो, असेच तो प्रामाणिकपणे सांगतो.

मी त्यांना मुलाच्या मोबाइलवर चित्रण करायला सांगितले: दिवा चालू ठेवा, चादर बाजूला करा, छाती आणि पोट दोन्ही दिसू द्या, आणि हलवून उठवू नका. शेवटची अट त्यांना जड गेली. दोन दिवसांनी मुलगा एक मिनिट पन्नास सेकंदांची चित्रफीत घेऊन आला. पहिले अर्धे मिनिट दणदणीत घोरणे. मग शांतता. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. पण छाती आणि पोट स्थिर नव्हते: पोट वर येत होते तेव्हा छाती आत खेचली जात होती, छाती उचलली की पोट आत, गळ्याच्या खालचा खळगा प्रत्येक प्रयत्नाला खोल जात होता. बंद दाराला आतून धक्के मारावेत तसे ते धक्के हळूहळू जोर धरत होते. कॅमेऱ्यामागून बाईंचा दबका आवाज आला, 'बस कर आता, उठव.' मुलाने उठवले नाही. एक्केचाळिसाव्या सेकंदाला डोके झटक्यात हलले, घशातून फाटल्यासारखा आवाज आला आणि श्वास सुरू झाला.

त्या एक्केचाळीस सेकंदांत निदानाचा निम्मा भाग होता. श्वास थांबण्याचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. एकात मेंदूकडून श्वासाचा हुकूमच सुटत नाही, तेव्हा छाती-पोट दोन्ही निश्चल असतात. हृदय दुर्बल झालेल्या रुग्णांत किंवा अफूवर्गातील औषधांमुळे असे होते. दुसऱ्यात हुकूम सुटतो, स्नायू ओढतात, पण वाट बंद असते. इथे वाट बंद होती. जागेपणी घशाच्या पोकळीला जीभ आणि टाळूचे स्नायू ताठ ठेवतात. झोपेत ते सैलावतात, स्वप्नांच्या झोपेत सर्वाधिक. वाट मुळात रुंद असेल तर त्याने काही बिघडत नाही. हनुवटी मागे असेल, जीभ जबड्याच्या मानाने मोठी असेल, मानेत चरबी असेल, तर उताणे पडल्यावर जिभेचे मूळ आणि पडजीभ मागच्या भिंतीला टेकतात. अर्धवट टेकली की घोरणे, पूर्ण टेकली की श्वासरोध. झोपेची गोळी आणि दारू हेच सैलावणे वाढवतात आणि जाग येण्याला उशीर लावतात. म्हणून त्या चौथ्या कागदावरची गोळी मी त्याच दिवशी बंद केली. ती रोजची नव्हती, त्यामुळे हळूहळू कमी करण्याची गरज पडली नाही.

बाकीच्या तक्रारींचेही धागे इथेच जुळतात. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीत ऋणदाब, म्हणजे आत खेचणारा दाब, निर्माण होतो, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात, शरीरात पाणी फार झाल्याचा त्यांचा गैरसमज होतो आणि लघवी वाढवणारे संप्रेरक ते सोडतात. म्हणून प्रोस्टेटला दोष नसताना चार वेळा उठावे लागते. त्याच ऋणदाबाने जठरातले आम्ल वर खेचले जाण्याला हातभार लागतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून डोक्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात, ती सकाळची डोकेदुखी. आणि प्रत्येक श्वासरोधाच्या शेवटी प्राणवायू घसरलेला, शरीर घाबरलेले, ॲड्रेनालिनचा फवारा सुटलेला. निरोगी माणसाचा जो रक्तदाब रात्री उतरायला हवा तो इथे रात्रभर उसळ्या घेत राहतो, आणि कालांतराने दिवसाही वरच राहतो.

तपासणी

रुग्णाला बोलावले तेव्हा या वेळी पत्नीलाही शेजारच्या खुर्चीत बसवले. स्टॉप-बँग ही आठ प्रश्नांची यादी २००८ साली टोरांटोतील भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली: घोरणे, दिवसाचा थकवा, श्वास थांबल्याचे कुणी पाहिले का, रक्तदाब, वजन, वय, मानेचा घेर, पुरुष असणे. पाच किंवा अधिक उत्तरे होकारार्थी आली तर श्वासरोधाचा धोका मोठा. यांची सहा आली. मानेचा घेर ४१ सेंटीमीटर होता. त्या यादीतली सीमा ४० आहे. तोंड उघडून जीभ बाहेर काढायला सांगितल्यावर पडजीभ तर सोडाच, मऊ टाळूही दिसला नाही. टॉन्सिल मोठे नव्हते, नाकाचा पडदा डावीकडे वाकलेला होता.

एपवर्थ तक्ता अधिक बोलका ठरला. मेलबर्नच्या एपवर्थ रुग्णालयातील मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये तयार केलेल्या या तक्त्यात आठ प्रसंग दिलेले असतात, वाचताना, टीव्ही पाहताना, प्रवासी म्हणून गाडीत बसल्यावर वगैरे, आणि प्रत्येक प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता शून्य ते तीन अशी मांडायची असते. एकूण दहाच्या पुढे गेले की दिवसाची झोप अवाजवी मानतात. त्यांनी स्वतः भरला तेव्हा बेरीज सात. पत्नी शेजारून एकेक उत्तर दुरुस्त करू लागल्या. 'टीव्हीसमोर शून्य? बातम्यांचं नावही होत नाही तोवर मान पडते.' दुपारी कुणाशी बोलत बसले असताना? शून्य लिहिले होते. 'परवा व्याही आले होते तेव्हा?' ते गप्प बसले. दुसरी बेरीज पंधरा आली. वाहन चालवून पोट भरणारा माणूस हा तक्ता खरा भरेलच असे नाही, आणि त्यात लबाडीपेक्षा भीतीच अधिक असते.

पुढची पायरी झोपेच्या चाचणीची. पूर्ण चाचणीत रुग्णालयात रात्रभर मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, हनुवटीचा ताण, नाकातला वारा, छाती-पोटाचे पट्टे, हृदयाची गती आणि प्राणवायू नोंदवतात. घरी करायच्या छोट्या चाचणीत मेंदूच्या लहरी वगळून बाकीचे बरेचसे असते. इथे शंका इतकी दाट होती, आणि हृदय किंवा फुप्फुसाचा दुसरा मोठा आजार नव्हता, म्हणून घरची चाचणी पुरेशी होती. एक काळजी घ्यावी लागली: पाच रात्री जागणाऱ्या माणसाला एकाएकी एका रात्री झोपवून मोजमाप घेतले तर ते विश्वासाचे नसते, म्हणून आधी दोन रात्री गाडी बंद ठेवून तिसऱ्या रात्री यंत्र लावले.

निष्कर्ष: तासाला ४७ घटना. दहा सेकंदांहून अधिक काळ वारा जवळजवळ पूर्ण थांबला तर तो श्वासरोध, निदान तीस टक्के घटून सोबत प्राणवायू घसरला तर तो अल्पश्वास. दोन्हींची तासागणिक बेरीज पाचच्या आत असेल तर सर्वसाधारण, पंधरापर्यंत सौम्य, तीसपर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. सर्वांत लांबलेला श्वासरोध ६४ सेकंदांचा होता. प्राणवायूची पातळी ६८ टक्क्यांपर्यंत उतरली होती. बहुतेक सर्व घटना अडथळ्याच्या होत्या, आणि उताणे झोपल्यावर त्या स्पष्टपणे वाढत होत्या. घरच्या चाचणीत घटनांना झोपेच्या नव्हे तर नोंदणीच्या एकूण तासांनी भागतात, जागेपणाचा वेळही त्यात धरला जातो. त्यामुळे खरा आकडा असलाच तर ४७ पेक्षा अधिक.

हा काही अपवादात्मक आजार नाही. मुंबईतील ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांवर डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात झोपेतील श्वासाचा बिघाड १९.५ टक्के आणि त्यासोबत दिवसाची झोप असलेला पूर्ण आजार ७.५ टक्के पुरुषांत असल्याचा अंदाज निघाला होता. माझ्या दवाखान्यात रोज मध्यमवयीन पुरुष किती येतात हे मोजले, तेव्हा मला हा आकडा अस्वस्थ करून गेला.

गाडी कोण चालवणार?

अहवाल समजावून सांगितल्यावर त्यांचा पहिला प्रश्न यंत्राच्या किमतीचा होता. माझा पहिला प्रश्न गाडीचा होता. उपचार लागू पडेपर्यंत रात्री गाडी चालवू नका, असे मी सांगितले. ते म्हणाले, 'सीझन आहे साहेब.' टोमॅटोचा भाव तेव्हा चढलेला होता, हे मलाही ठाऊक होते.

तेव्हा पत्नीने एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी स्वतः कधी सांगितली नव्हती. गेल्या पावसाळ्यात माळशेज घाटात धुक्यात गाडी कठड्याला घासली होती. कुणाला लागले नाही, आरसा आणि डावा पत्रा गेला. घरी कारण सांगितले होते ते धुक्याचे. आता त्यांनी खाली बघत सांगितले की धुके होते खरे, पण कठड्याचा आवाज झाला तेव्हा त्यांना जाग आली.

मी त्यांना न्यूयॉर्कची गोष्ट सांगितली. १ डिसेंबर २०१३ रोजी रविवारी सकाळी मेट्रो-नॉर्थची एक प्रवासी गाडी ब्राँक्समधील स्पायटन डायव्हिल स्थानकाजवळच्या वळणावर रुळांवरून घसरली. त्या वळणावर ताशी ४८ किलोमीटरची मर्यादा होती आणि गाडी ताशी सुमारे १३२ किलोमीटरने धावत होती. चार जण गेले. चालक प्यायलेला नव्हता, फोनवर बोलत नव्हता. त्याला डुलकी लागली होती. त्याची पाळी दोनच आठवड्यांपूर्वी बदलून पहाटेची झाली होती आणि त्याला तीव्र स्वरूपाचा श्वासरोध होता, ज्याचे निदान अपघातानंतर झाले. आधी झालेल्या वैद्यकीय तपासण्यांत तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. ते ऐकून घेत होते. शेवटी एवढेच म्हणाले, 'माझ्या मागं तर क्लीनर असतो, झोपलेला.'

पाच आठवडे त्यांच्या चुलत भावाने गाडी चालवली, भाड्यात वाटणी देऊन. घरात त्यावरून कुरबुर झाली. वैद्यकीय सल्ल्याची किंमत कुणीतरी रोख मोजत असते, हे अशा वेळी डॉक्टरने विसरू नये.

यंत्र आणि मिशी

तीव्र श्वासरोधावरचा मुख्य उपचार आजही सीपॅप हाच आहे: नाकावरच्या मास्कमधून सतत ठरावीक दाबाची हवा सोडायची, जेणेकरून घशाची मऊ वाट हवेच्या आधाराने उघडी राहील. प्राणवायू वगैरे त्यात काही नसतो. खोलीतलीच हवा असते. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिवन यांनी पाच रुग्णांवरचा पहिला वृत्तान्त प्रसिद्ध केला, तोवर तीव्र रुग्णांसाठी खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला छिद्र पाडणे हाच होता. सुलिवन यांचे पहिले यंत्र व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरून बनवलेले होते. ही गोष्ट मी रुग्णांना आवर्जून सांगतो. त्यामुळे यंत्राची धास्ती थोडी कमी होते.

दुसरे पर्याय आम्ही तपासले. खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी दातांची पट्टी सौम्य आणि मध्यम आजारात चांगली चालते, पण इथे आजार तीव्र होता आणि तंबाखूने हिरड्या सुटून दात हलत होते. नुसत्या नाकाच्या शस्त्रक्रियेने श्वासरोध सहसा जात नाही. वजन कमी करणे आवश्यक होतेच. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील दीर्घ अभ्यासात वजन दहा टक्के घटल्यावर घटना सुमारे २६ टक्क्यांनी घटलेल्या दिसल्या. पण ४७ मधून २६ टक्के वजा केले तरी आजार तीव्रच राहतो. टिर्झेपटाइड या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासह असलेल्या मध्यम ते तीव्र श्वासरोधासाठी मान्यता मिळाली आहे. यांच्या वजनाला आणि खिशाला ते मला योग्य वाटले नाही.

आधी पंधरा दिवस भाड्याने स्वयंचलित यंत्र आणले. पहिल्या रात्री पन्नास मिनिटांत मास्क काढून ठेवला. पत्नीने 'विमान चालवायला निघालात का' म्हणून हसून घेतले होते, तेही एक कारण असावे. पहिल्या आठवड्याची यंत्रातील सरासरी होती दोन तास दहा मिनिटे. तोंड कोरडे पडते, पोटात हवा जाते, डोळ्यांत वारा लागतो, अशा तीन तक्रारी घेऊन ते आले आणि यंत्र परत करण्याच्या तयारीत होते.

डोळ्यांत वारा लागतो म्हणजे मास्क गळतो. यंत्रातल्या नोंदीतही गळती मोठी दिसत होती. मी त्यांना दवाखान्यातल्या तपासणीच्या पलंगावर उताणे झोपवून मास्क लावायला सांगितले, यंत्र सुरू केले आणि कडेने बोट फिरवले. वरच्या ओठावर, बरोबर मिशीच्या रेषेत, वाऱ्याची फुंकर लागत होती. सिलिकॉनची कड दाट केसांवर टेकत होती आणि केसांमधून हवा निसटून डोळ्यांकडे जात होती. पुरवठादाराने मास्क चेहरा मोजून दिला होता, पण मिशी कुणी जमेस धरली नव्हती. गळती भरून काढायला स्वयंचलित यंत्र हवा अधिकाधिक जोराने सोडत होते. मिशी काढा, असे मी सुचवले नाही. त्या चेहऱ्यावरून तिचे महत्त्व दिसत होते. मिशीला स्पर्श न करता थेट नाकपुड्यांत टेकणाऱ्या दोन छोट्या बोंड्यांचा मास्क मागवला. चोंदलेल्या नाकासाठी स्टेरॉइडचा फवारा आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे सुरू केले, कारण नाक बंद असले की तोंड उघडते आणि तोंड उघडले की हवा तिथून जाते. हवा दमट करणारा डबा जोडला, त्यात उकळून गार केलेले नव्हे तर डिस्टिल्ड पाणी घालायला सांगितले. दिवसा जागेपणी टीव्ही बघत अर्धा तास मास्क लावून बसण्याचा सराव दिला.

दुसरा आठवडा चार तास पाच मिनिटे. मग आमच्याकडचा नेहमीचा प्रश्न उभा राहिला: वीज. रात्री पुरवठा गेला की यंत्र बंद पडते आणि मास्कमध्ये गुदमरल्यासारखे होते. मास्कला हवा बाहेर पडण्याची छिद्रे असतात, त्यामुळे जीवाला धोका नसतो, पण माणूस दचकून उठतो आणि पुन्हा लावत नाही. घरात टीव्हीसाठी इन्व्हर्टर होताच. यंत्राची जोडणी त्यावर घेतली. पंधरा दिवसांनंतर त्यांनी यंत्र विकत घेतले. वाशीला गाडीत पाठ टेकताना ते कसे वापरायचे, याला गाडीच्या बॅटरीवर चालणाऱ्या जोडणीचे उत्तर निघाले. श्वासरोध रात्री आणि दिवसा असा भेद करत नाही. दुपारची झोपही यंत्र लावूनच घ्यायची, हे मला त्यांना तीनदा सांगावे लागले.

सहा महिन्यांनंतर

रात्री लघवीला उठणे पहिल्याच पूर्ण आठवड्यात चारवरून एकावर आले. प्रोस्टेटची गोळी बंद केली, काही फरक पडला नाही. सकाळची डोकेदुखी गेली. एपवर्थची बेरीज, पत्नीसमक्ष, सहा. यंत्राच्या नोंदीनुसार सरासरी वापर दिवसाला पाच तास चाळीस मिनिटे आणि उरलेल्या घटना तासाला चार. निदान चार तास, सत्तर टक्के दिवस, हा वापराचा सर्वसाधारण मान्य किमान निकष आहे. त्याच्या ते वर आहेत. रात्रीची गाडी त्यांनी सहाव्या आठवड्यापासून पुन्हा हाती घेतली, या अटीवर की निघण्याआधीच्या दुपारी चार तास यंत्रासह झोप झाली नसेल तर त्या रात्री भाऊ जाईल.

रक्तदाबाबद्दल जपून लिहितो. घरी मोजलेली सरासरी आता १३४/८४ आहे आणि तीनपैकी एक गोळी बंद करता आली. पण या काळात पाच किलो वजन उतरले, तंबाखू निम्म्यावर आली आणि अल्प्राझोलामही गेले. त्यामुळे श्रेय यंत्राला किती हे मला वेगळे काढता येत नाही. सीपॅपने दाब सरासरीने दोन-तीन अंकांनीच उतरतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २,७१७ रुग्णांच्या 'सेव्ह' या मोठ्या चाचणीत हृदयविकार आणि पक्षाघात कमी झाल्याचे दिसले नाही. तिथे वापरही रात्रीला सरासरी ३.३ तासच होता, आणि दिवसा फार झोप येणारे रुग्ण त्यात घेतलेले नव्हते. दिवसाची झोप, डुलकी आणि जगण्याची प्रत यांबाबतचा फायदा मात्र या प्रकरणात निर्विवाद आहे.

मध्यंतरी एक घसरण झाली. लग्नसराईत चार दिवस नातलगांकडे राहायचे होते, पाहुण्यांसमोर मास्क लावायची लाज वाटली, यंत्र घरीच ठेवले. तिसऱ्या रात्री पत्नी मांडवाच्या घरात, वीस माणसांच्या ओळीत, पूर्वीसारखा त्यांच्या अंगावर हात ठेवून जागत होती. आता ते छोट्या बॅगेत यंत्र घालून नेतात आणि विचारले तर दम्याचे आहे म्हणून सांगतात. मी त्याला हरकत घेतलेली नाही.

गेल्या भेटीत त्यांचा धाकटा भाऊ सोबत आला होता, गाडीतच बसून राहिला. निरोप द्यायला दारापर्यंत गेलो तेव्हा तो स्टिअरिंगवर मान टाकून झोपला होता, दुपारचे साडेबारा वाजले होते, आणि हनुवटी थोरल्यासारखीच आखूड. त्याला पत्नीसह यायला सांगितले आहे. दोन महिने झाले, अजून आलेला नाही.